काट्यावर एकच कडवं

आमच्या बेटावरून राजधानीला जाणारं विमान इतकं इवलंसं आहे, की त्यात बसण्याआधी माणसाला वजनकाट्यावर चढावं लागतं. सामानाचं वजन वेगळं, माणसाचं वेगळं. कोणाला पुढे बसवायचं, कोणाला मागे, हे त्या आकड्यावर ठरतं. आकडा खोटा पडला तर विमान नाक खाली घालून समुद्रात जाईल. इथवर सगळं शहाणपणाचंच आहे. मूर्खपणा पुढे आहे. तो आकडा मोठ्याने ओरडून सांगायचा, असा कंपनीचा नियम. काट्याजवळची मुलगी ओरडणार, टेबलावर बसलेली मी लिहिणार आणि दारातला वैमानिक ऐकून मान हलवणार.

हा नियम ज्याने केला त्याला नक्की बहीण नसावी.

कारण आम्हा टोंगाच्या लोकांत भावासमोर बहिणीच्या अंगाची गोष्ट काढत नाहीत, आणि बहिणीसमोर भावाच्या. एका खोलीत बसून दोघं सिनेमासुद्धा बघत नाहीत. त्यात चुलत, मावस, आते, मामे हे सगळे भाऊ-बहीणच. आणि बेट केवढं, तर तळहाताएवढं! रांगेत कोणी ना कोणी भाऊ निघणारच. मग व्हायचं काय, बाई छान नटूनथटून यायची, पुढे काटा बघायची, मागे भाऊ बघायची आणि टोपली उचलून घरी जायची. दवाखान्याची तारीख बुडेना का, लग्न चुकेना का, पण भावासमोर आकडा नको.

मी लविनिया, या विमानतळाची प्रमुख. विमानतळ म्हणजे पत्र्याची एक खोली, एक टेबल, तो मेला काटा आणि धावपट्टीवरची डुकरं हाकलायला एक काठी. काट्यावर अकानेसी होती. माझ्या सख्ख्या भावाची, विलिसोनीची मुलगी. म्हणजे मी तिची आत्या, आणि आमच्यात आत्यापुढे भाचीने मान वर करायची नसते. पण नोकरी मी लावली नाही हं! परीक्षा देऊन लागली होती ती, आणि सहा महिने कच्ची होती. पक्की झाली तर ठीक. नाहीतर तिचा नवरा आधीच न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जात होता, तिलाही त्याच्यामागे जावं लागलं असतं. चार वर्षांच्या सेलाला आजीकडे ठेवून, दरसाल निम्मं वर्ष. बेटावर दुसरी नोकरी आहे कुठे? अकानेसी हे कोणापुढे बोलायची नाही, पण सेला दृष्टीआड झाली की तिचा जीव थाऱ्यावर नसायचा, हे मला दिसत होतं.

तर एकदा मला राजधानीतल्या ऑफिसने बैठकीला बोलावलं. मी काट्यावर चढले, मागे वळून बघते तो काय, रांगेत विलिसोनी! कोनफळांची टोपली खांद्यावर घेऊन उभा, आणि नजर छताला. काट्याचा आकडा दिसतो तो दोघांनाच, चढलेल्याला आणि अकानेसीला. तिने आकडा बघितला. पुढे आत्या, मागे बाप, आणि नियम ओरडायचा. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, आता ही एकतर रडणार किंवा ओरडणार, आणि दोन्हीत माझी शोभा.

आणि तिने खड्या आवाजात चर्चमधलं गीत सुरू केलं. आम्ही सुगीला म्हणतो ते.

क्षणभर मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मग लख्ख प्रकाश पडला. आमचं गीतपुस्तक बेटावर शेंबड्या पोरालासुद्धा तोंडपाठ, आणि प्रत्येक गीताला क्रमांक असतो. सुगीच्या गीताचा जो क्रमांक, तोच माझा आकडा! नियमाप्रमाणे मोठ्याने सांगितला होता, आणि सांगितलाही नव्हता. रांगेतल्या बायकांनी वरचा सूर धरला, विलिसोनीने टोपली खाली ठेवून खालचा धरला. गीत चालू असताना लाजणार कोण? मी राणीसारखी काट्यावरून उतरले आणि माझा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.

परत आल्यावर मात्र मी तिला फैलावर घेतलं. प्रमुख होते ना मी!

"कोणाला विचारून गायलीस गं?"

"आत्या, आकडा चुकला का?"

"नाही."

"हळू गायले का?"

"नाही."

"मग नियम कुठला मोडला?"

"उलट उत्तरं देऊ नकोस! चालू ठेव," मी म्हटलं. म्हणजे काय म्हणायचं होतं आणि काय म्हटलं, देव जाणे.

पुढे जी मजा सुरू झाली ती काय सांगू! बायका विमानात बसायला लागल्या. फिफिताबाई, जिला सात भाऊ आणि म्हणून जन्मात कधी विमान नाही, ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्यांदा तिला तिकडे काही कामही नव्हतं. चौघं जमली की चार सुरांत गाणं, हे आमच्या रक्तातच. ज्यांना कुठे जायचं नव्हतं ती माणसंही सकाळी नुसतं गायला यायची, येताना उकडलेली कोनफळं आणायची. गोरा वैमानिक ग्रॅहम, त्याला आमची गीतं कुठली येणार? त्याने गीतपुस्तक विकत घेतलं, आपल्या सीटजवळ ठेवलं, आणि प्रत्येक गीताला बोट फिरवून आकडा ताडून बघायला लागला. एक मास्तर होते, त्यांचं वजन नेमकं मयताच्या गीतावर यायचं. ते काट्यावरून खाली उतरायचे, कोपऱ्यात उभं राहून दोन कोनफळं खायचे आणि पुन्हा चढायचे. पुढचं गीत नाताळचं होतं.

घोडं अडलं ते वेळेपाशी. गीत सुरू केल्यावर मध्ये तोडायचं कसं? पाचही कडवी, आणि शेवटी लांबलचक आमीन. नऊ माणसं काट्यावरून उतरेपर्यंत ग्रॅहमची दाढी वाढायची. तेव्हा मी प्रमुख या नात्याने हुकूम काढला: काट्यावर एकच कडवं, आणि आमीन नाही. पाद्रीबाबा तणतणत आले.

"लविनिया, आमीनशिवाय गीत म्हणजे पत्ता नसलेलं पत्र!"

"बाबा, पत्ता विमानाला माहीत आहे. तुम्ही बसा."

तरी विमान उशिरा सुटायचंच. अखेर राजधानीहून फेलेती साहेब आले.

फेलेती साहेब आमच्या सगळ्यांच्या वरचे. ब्रिस्बेनला शिकलेले, पायात तोंड दिसेल असे बूट. दारातून आधी पोट आत येतं, मग साहेब. मी काही काडी नाही, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. त्यांनी उभं राहून सगळं बघितलं. मास्तरांची कोनफळं बघितली. फिफिताबाईच्या गीताला अख्ख्या खोलीने धरलेला ताल बघितला. मग घड्याळ बघितलं.

"लविनियाबाई, हा विमानतळ आहे की प्रार्थनासभा?"

"माणसं दोन्हीकडे हात जोडूनच येतात, साहेब. आपलं विमान बघितलंत ना?"

हसला नाही मेला.

"त्या मुलीचं काम काय? आकडा वाचायचा."

"वाचतेच की. चालीवर वाचते."

"चालीवर वाचा असं कुठे लिहिलंय? ज्याला जे काम दिलं ते त्याने तसंच करायचं. आज हिने गीत लावलं, उद्या तो ग्रॅहम विमान उलटं उडवेल आणि म्हणेल, मला असं बरं वाटतं!"

"अहो, बायका विमानात बसत नव्हत्या. आता जागा मिळत नाही!"

"आणि विमान वेळेवर सुटत नाही. खरं की खोटं?"

खरं होतं. मी टेबलावरचं प्रवाशांचं पत्रक उगाच सरळ केलं.

"मुलीचे सहा महिने याच आठवड्यात संपतात," साहेब म्हणाले. "उद्या परतीच्या विमानाला मी स्वतः रांगेत असेन. तिने एक ओळ जरी गायली, तरी तिच्या कागदावर माझी सही होणार नाही. आकडा वाचायचा, मोठ्याने, स्पष्ट. समजलं?"

अकानेसी काट्याजवळ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात सेलाची वेणी घालत होती, आणि घालून झालेली वेणी सोडून पुन्हा घालत होती.

"आत्या, मी ओरडेन उद्या. हवं तर भोंगा लावून ओरडेन. माझी सेला सोडून मी जायची नाही."

"ओरड बाई," मी म्हटलं. "लोकांची लाज लोकं बघून घेतील." म्हटलं खरं, पण मला इतका राग आला होता, की घरी जाताना वाटेतल्या निरपराध डुकराला मी काठी फेकून मारली.

आता साहेबांनी एक चूक केली. चूक म्हणावी का? असं आमच्यातला कोणीही करेल. त्यांची आई आमच्याच बेटावरची. वडील दुसऱ्या बेटावरचे, कॅथलिक, आणि साहेब तिकडेच वाढले. पण मावशी इथे असताना भाचा गेस्ट हाउसमध्ये झोपला तर मावशी विष घेईल! तर साहेब मावशीकडे उतरले. मावशीने जमिनीतली भट्टी पेटवली. अख्खं डुक्कर, अळूच्या पानांत नारळाच्या दुधात शिजलेलं मांस, कोनफळं, आणि पुन्हा पहाटे न्याहारीला तेच सगळं. मावशीच्या चार मुली वाढायला. नको म्हणाल तर अपमान. आणि सकाळी अख्खं घरदार साहेबांना पोचवायला विमानतळावर! चारांतल्या दोघी तर त्याच विमानाने राजधानीला लग्नाला निघालेल्या. आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला मानाच्या चटया गुंडाळून, टोपल्या घेऊन, साहेबांच्या थेट मागे रांगेत. मावसबहिणी. म्हणजे बहिणीच.

साहेबांच्या हे अजून डोक्यात शिरलं नव्हतं. ते घड्याळ बघत होते.

पहिला चढला एक कोळी. अकानेसीने आकडा ओरडून सांगितला. गायला जमलेली माणसं भिंतीला टेकून होती, कोणी हूं का चूं केलं नाही. मास्तर चढले, आकडा ओरडला गेला, मास्तर एकही कोनफळ न खाता उतरले. मग फिफिताबाई. तिने काट्याकडे बघितलं, मागच्या दोन भावांकडे बघितलं, टोपली उचलली आणि चालू लागली. तिच्यामागून आणखी दोन बायका. ग्रॅहम दारातून हात पसरून बघत राहिला.

"शिस्त लागायला वेळ लागतो," साहेब म्हणाले, आणि रुबाबात काट्यावर चढले.

काट्याने कुंई असा आवाज केला. साहेबांनी आकडा बघितला. मावशीची रात्र आणि मावशीची पहाट, दोन्ही त्यात होती. त्यांचे डोळे मोठे झाले. मग मागून बांगड्या वाजल्यासारखं वाटलं म्हणून त्यांनी मान वळवली. दोन्ही बहिणी चेहरा झाकून भिंतीकडे वळत होत्या. दारात पोचवायला आलेल्या बाकीच्या दोघी तर पायऱ्या उतरून बाहेर पळायच्या बेतात. मावशी डोळे मिटून पुटपुटत होती.

अकानेसीने ओरडण्यासाठी श्वास घेतला.

"थांब!" साहेब ओरडले.

ती थांबली. उतरावं तर रांगेसमोर स्वतःचाच नियम मोडला, आणि उभं राहावं तर बहिणींसमोर आकडा. साहेबांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, नाकावरून टायवर टपकला. मला दया यायला हवी होती. आली नाही. मी पेन टेकवून तयार बसले होते.

आणि देवा रे! साहेब गायला लागले.

आवाज काय होता हो! असा खर्ज, की पत्रा थरथरला. गीतही ओळखीचं, आम्ही मेंढपाळाच्या रविवारी म्हणतो ते. भिंतीला टेकलेली माणसं ताडकन सरळ झाली, बायकांनी सूर धरला, पायऱ्यांवरच्या बहिणी माघारी फिरल्या. मीही तोंडाने गात, हाताने सवयीने आकडा लिहिला. अठ्ठावन्न.

कडवं संपलं. ग्रॅहमने पुस्तकात बोट फिरवलं, माझ्या कागदात डोकावला, मग साहेबांकडे वरून खाली आणि खालून वर बघितलं.

"अठ्ठावन्न?" तो आमच्या भाषेत म्हणाला. "उरलेले साहेब पुढच्या विमानाने येतात?"

काय झालं होतं, तर साहेब कॅथलिक. त्यांच्या पुस्तकात तेच गीत कुठल्या कुठे, शेवटाकडे. आमच्या पुस्तकात अठ्ठावन्नावं! मी तोंडावर पदराऐवजी अख्खं प्रवाशांचं पत्रक धरलं. मास्तर तर कोपऱ्यात बसूनच गेले. पाद्रीबाबांनी हसू दाबायला प्रार्थना सुरू केली आणि प्रार्थनेतच फुटले. हसू आधी मागे सुरू झालं, मग पुढे आलं, मग दारातून बाहेर गेलं. पण आकडा? आकडा कोणालाच कळला नव्हता. बहिणीसुद्धा हसत होत्या, आणि बहिणीला भावाच्या गाण्यावर हसायला काही बंदी नाही.

साहेबांना काही उमगेना. मी उठून त्यांच्या कानाशी गेले.

"साहेब, आमच्या पुस्तकात तुम्ही फिफिताच्या धाकट्या मुलीएवढे झालात. विमान बुडेल."

"मग तुमच्या पुस्तकातलं कोणतं?" ते कुजबुजले.

"मला काय ठाऊक? आकडा मी कुठे बघितलाय? तो बघणारी एकच आहे."

आम्ही दोघांनी अकानेसीकडे बघितलं. ती हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून, छताकडे नजर लावून उभी होती. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसू दाबल्याचं की भीतीचं, मला सांगता यायचं नाही.

"पोरी," साहेब म्हणाले, "माझं तूच म्हण."

"एक ओळ जरी गायले तर सही नाही, म्हणालात साहेब." ती जागची हलली नाही. "मला मुलगी आहे. मला नोकरी हवीय. आकडा वाचू का, मोठ्याने?"

"नको! नको." साहेबांनी खिशातून पेन काढलं. "लविनियाबाई, हिचा कागद आणा."

मी कागद घेऊन आले की उडत आले, मला आठवत नाही. साहेबांनी काट्यावरून न उतरता, काट्याच्याच खांबावर कागद ठेवून सही केली. सही करताना काट्याने पुन्हा कुंई केलं.

"आता गा."

"हुकूम आहे का साहेब?"

"हुकूम आहे, बाई! गा!"

आणि अकानेसीने गायलं. कोणतं गीत, ते विचारू नका. ते मी कोणालाच सांगणार नाही, माझी जीभ झडली तरी. खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि आजतागायत कोणी ते साहेबांच्या नावाशी जोडून बोललेलं नाही. आम्ही म्हटलं मात्र असं, की फिफिताबाईला तिकडे नारळाच्या बागेत ऐकू गेलं. ती टोपली डोक्यावर घेऊन धावत परत आली आणि तिच्यामागून निघून गेलेल्या त्या दोन बायकाही. कडवं संपलं तसे सगळे माझ्या हुकमाप्रमाणे गप्प झाले. साहेब काट्यावर उभे. त्यांना ती शांतता काही सोसेना.

"आमीन?" त्यांनी विचारलं.

"आमीनला बंदी आहे साहेब," अकानेसी म्हणाली. "वेळ जातो."

साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि खर्जात, पत्रा हलवत, एवढं लांब आमीन म्हटलं, की ग्रॅहमने विमानाचे पंखे सुरू केले तरी ते चालूच होतं. विमान त्या दिवशी कधी नव्हे इतकं उशिरा सुटलं. फिफिताबाई खिडकीतून हात हलवत होती आणि साहेब तिच्या मागच्या सीटवर, जिथे त्यांच्या आकड्याने त्यांना बसवलं होतं.

मला वाटलं होतं, आता राजधानीहून कौतुकाचं पत्र येईल, सगळीकडे असंच गावं म्हणून. आलं नाही. बंदीही आली नाही. नियम आहे तिथेच आहे: आकडा मोठ्याने सांगावा. मी आधी चिडले. मग ध्यानात आलं, की साहेबांनी स्वतःच्या कामातही एक काम वाढवून घेतलंय. इकडे न बघण्याचं. आणि ते काम ते फार मन लावून करतात.

दर महिन्याला त्यांचा फोन येतो. तोही नेमका सकाळी, रांग लागलेली असतानाच. सेला माझ्या टेबलावर पाय हलवत बसलेली असते. तिची आई काट्याजवळ.

"लविनियाबाई, सगळं नियमाप्रमाणे?"

"अगदी नियमाप्रमाणे, साहेब. आकडा मोठ्याने सांगितला जातो."

"उत्तम," ते म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. इकडे कोणीतरी काट्यावर चढतं, अकानेसी सूर लावते, खोली उचलून धरते. थोड्या वेळाने फोनमधून खर्ज ऐकू यायला लागतो, आधी चोरून, मग चांगला दणदणीत. कडवं संपतं, इकडे सगळे गप्प होतात, आणि तिकडून एकटेच साहेब म्हणतात, "आ-मी-न."

"साहेब, आमीनला बंदी आहे," मी म्हणते.

"काय म्हणालात? लविनियाबाई, इकडे काही ऐकू येत नाही," साहेब म्हणतात, आणि फोन ठेवून देतात.